तीन .३०-३० रायफली आणि घरी ओतलेली गोळी : माप कुणाचं धरायचं

काडतुसाच्या डब्यावर .३०-३० लिहिलेलं असतं, बॅरलवर पण .३०-३० कोरलेलं असतं, मग एकच गोळी सगळ्या रायफलींना चालायला पाहिजे ना, असं मला पण सुरवातीला वाटायचं. फॅक्टरीची तांब्याच्या जॅकेटवाली गोळी असेल तर ते बऱ्यापैकी चालतं, तिचं कवच कडक असतं, माप केसभर इकडेतिकडे झालं तरी ती निभावून नेते. शिसं ओतून घरी केलेली गोळी मात्र अजिबात निभावून नेत नाही. तिला मापात ढील मिळाली की मागून गरम गॅस बाजूने घुसतो, शिसं कापतो, आणि ते शिसं नळीच्या आत चिकटून बसतं.

आमच्या गावात बांगड्या भरायला कासारीण यायची, ती कधी नंबर विचारायची नाही, आधी हात हातात घेऊन दाबून बघायची आणि मग बांगडी काढायची. शिशाच्या गोळीचं तेच आहे, नंबर नाही विचारायचा, हात बघायचा. इथे हात म्हणजे तुमच्या रायफलीचा थ्रोट, चेंबर जिथे संपतं आणि नळीच्या खाचा जिथे सुरू होतात तो घसा.

लिहायच्या आधी दोन गोष्टी सांगतो कारण आपल्या लोकांकडून नेमके हेच प्रश्न येतात. मी अमेरिकेत राहतो, इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची असतील तर लागतं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे पुण्यात नाशकात बसून यातलं काही करायला जाऊ नका. आणि इथे एच-१बी वर असाल तर नीट ऐका, फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूकच काय, काडतूस बाळगायला पण बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे काही ठरावीक अपवाद सोडून. ग्रीनकार्डवाल्याला ती अडचण नाही. मित्राच्या गॅरेजमधे नुसतं बघायला जाताय तरी हे माहीत असू दे.

आता माझ्याकडच्या तीन रायफली. एक विंचेस्टर ९४, लिव्हरवाली, सहा खाचांची नळी, १२ इंचात एक पीळ. दुसरी मार्लिन ३३६, ती पण लिव्हरवाली, पण तिची नळी मायक्रोग्रूव्ह, म्हंजे १२ बारीक उथळ खाचा, १० इंचात एक पीळ. तिसरी सॅव्हेज ३४०, बोल्टवाली, खाली काढता येणारं मॅगझिन. तिघींचं काडतूस तेच, १८९५ साली विंचेस्टरने बाजारात आणलेलं. कागदावर तिघींच्या नळीचं माप ३०८ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, भोसरीच्या टूलरूममधे काम केलंय त्यामुळे तोंडात तोच शब्द बसलाय आणि इथे त्याच्याइतका सोयीचा दुसरा शब्द नाही.

मी पहिला साचा घेतला १७० ग्रेनचा (साधारण ११ ग्रॅम) चपट्या नाकाचा, गोळ्या ओतल्या, ३०९ ला साइझ केल्या, म्हंजे साइझर नावाच्या कडक भोकातून ढकलून मापात आणल्या, कारण सगळीकडे लिहिलेलं असतं की खाचांच्या मापापेक्षा एक थाऊ जास्त ठेवा. विंचेस्टरमधे ठीकठाक गेल्या. मार्लिनमधे दहा गोळ्यांनंतर टार्गेटवर गोळ्या आडव्या पडायला लागल्या, कागदाला गोल भोकाऐवजी चावीच्या भोकासारखी भोकं. नळी उजेडाला धरून बघितली तर चेंबरच्या पुढे चार बोटं सगळं करडं, शिशाचा थर. मी तेव्हा मायक्रोग्रूव्हला दोष दिला, तसं म्हणणारे लोक पण भरपूर भेटतात. खरं कारण निघालं की माझी गोळी त्या थ्रोटला बारीक होती. तीच गोळी ३११ ला साइझ करून टाकली तर चाळीस गोळ्या झाल्या तरी नळी साफ. म्हणून सांगतो, आधी माप घ्या, मग साचा आणि साइझर विकत घ्या, पावडरचा विचार सगळ्यात शेवटी.

माप घेताना पहिलं काम नळीचं. रायफल रिकामी आहे का हे स्वतः बोट घालून बघा, ट्यूब मॅगझिन पण. नळीत तेलाचा हलका हात मारा. मासेमारीच्या दुकानात शुद्ध शिशाची अंड्यासारखी वजनं मिळतात, नळीपेक्षा किंचित मोठं एक घ्या आणि नळीच्या तोंडातून पितळी दांड्याने हळूहळू आत घाला. लाकडी दांडा वापरू नका, तो आत तिरका फाटतो आणि पाचर बसल्यासारखा अडकतो, मग शिसं पण आत आणि दांडा पण आत. मार्लिनला सोय आहे, लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि मागून काम करता येतं. विंचेस्टर ९४ ला तसं सोपं नाही, तोंडाकडूनच जावं लागतं. ठोकताना घाई करू नका, हाताला जे लागतं त्याच्याकडे लक्ष द्या. माझ्या विंचेस्टरमधे मागच्या साइटची खाच जिथे कापलीय त्या जागेखाली शिसं घट्ट होतं आणि पुढे गेल्यावर एकदम सैल होतं, म्हंजे तिथे नळी आतून आवळलीय. मागून येणारी गोळी त्या जागी आवळली जाणार आणि पुढे तिला ढील मिळणार, हे कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं, ते हातालाच कळतं.

बाहेर आलेला शिशाचा तुकडा मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियर नको, व्हर्नियरवर अर्ध्या थाऊचा भरवसा नाही. तुकड्यावर जे उंच पट्टे दिसतात ते नळीतल्या खाचा, त्या समोरासमोरच्या मोजा. सहा आणि बारा खाचा सम असल्यामुळे समोरासमोर येतात, पाच खाचांची नळी असेल तर साधा मायक्रोमीटर खोटं सांगतो, त्याला व्ही-अँव्हिलवाला लागतो. फिरवून पाचसहा वेळा मोजा आणि वहीत लिहा. माझे आकडे विंचेस्टर साडे ३०८, मार्लिन साडे ३०८, सॅव्हेज साडे ३०७. बघा, विंचेस्टर आणि मार्लिन इथे सारख्याच, तरी एक ३०९ ला चालली आणि एक नाही, कारण निर्णय नळीत नाही, थ्रोटमधे होतो.

थ्रोटसाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे पाण्याच्या उकळीच्या पण खाली. चेंबर अगदी कोरडं साफ करा, थ्रोटच्या इंचभर पुढे नळीत कापडाचा बोळा बसवा, नळी खाली करून रायफल उभी धरा आणि छोट्या नरसाळ्याने चेंबरमधे ओता. घट्ट झाला की अर्ध्या तासाच्या आत बोळा तोंडाकडून हळूच ढकलून बाहेर काढा. हा धातू आधी आकसतो आणि मग फुगतो, ओतल्यापासून साधारण तासाभराने तो चेंबरच्या खऱ्या मापावर येतो, तेव्हा मोजायचा. दुसऱ्या दिवशी मोजाल तर आकडा मोठा येईल. माझे थ्रोट आले विंचेस्टर ३१०, मार्लिन ३११ आणि पुढे जेमतेम जागा, सॅव्हेज साडे ३०९. शिशाची गोळी थ्रोटच्या मापाची किंवा त्याहून अर्धा थाऊ कमी ठेवली की ती सरळ सुरू होते, आणि सरळ सुरू झालेली गोळी सरळ जाते.

आता जी चूक महागात पडू शकते ती. मार्लिनला ३११ आवडली म्हणून मी तीच काडतुसं सॅव्हेजमधे घालायला निघालो होतो. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, पन्नास वर्षं गोळ्या ओततायत, त्यांनी हात धरला. ते म्हणाले सॅव्हेजमधे उडवलेली एक पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) आण, रिसाइझ न केलेली, म्हंजे डायमधे दाबून परत मापात न आणलेली, आणि तिच्या तोंडात ही गोळी बोटाने सोड. सोडली, गेली नाही, तोंडावरच अडकली. याचा अर्थ असा की गोळी बसवल्यावर पुंगळीची मान इतकी जाड होणार की सॅव्हेजच्या चेंबरमधे मानेला फुगायला जागाच उरणार नाही, मान गोळीला सोडणार नाही आणि प्रेशर उसळी मारणार. .३०-३० ची सामी (काडतुसांची मापं आणि प्रेशर ठरवणारी अमेरिकी संस्था) मर्यादा ४२,००० पीएसआय, म्हंजे दर चौरस इंचाला तेवढे पौंड, आहे, तिच्या वर कुठपर्यंत जाईल ते कुणी सांगू शकत नाही. तेव्हापासून माझा नियम एकच, प्रत्येक रायफलीची उडवलेली पुंगळी घ्यायची, गोळी तिच्यात आपोआप सरकली पाहिजे, अडली तर ती गोळी त्या रायफलीसाठी नाही, विषय संपला. पुंगळीचं तोंड आत वाकलेलं किंवा क्रिंपचा (गोळी पकडून ठेवायला तोंड आत दाबतात त्याचा) ओठ राहिलेला असेल तर आधी तो सरळ करा, नाहीतर चाचणी फसवते.

ही चाचणी तिन्हींवर केली की कळतं, वरची मर्यादा सगळ्यात अरुंद मानेचं चेंबर ठरवतं आणि खालची मर्यादा सगळ्यात मोठा थ्रोट. माझ्याकडे ३१० ची गोळी तिन्ही पुंगळ्यांत सरकते आणि मार्लिनमधे पण शिसं फारसं धरत नाही. म्हणजे तिन्हींसाठी एकच डबा भरायचा असेल तर ३१०. पण चांगलं हवं असेल तर मार्लिनला ३११ वेगळी, विंचेस्टरला ३१०, आणि सॅव्हेजला साडे ३०९, जी साडे ३०९ मी ३०९ चा पुश-थ्रू साइझर बारीक पॉलिश पेपरने घासून घासून केलीय. घासताना दर पाचदहा फेऱ्यांनी एक गोळी ढकलून मोजायची, गेलेला धातू परत येत नाही.

पावडर कोट (गोळीवर भाजून बसवायचा कोरडा रंग) करत असाल तर लक्षात ठेवा, तो रंग २०० अंश सेल्सियसला वीस मिनिटं भाजल्यावर गोळीवर एक ते दोन थाऊ चढवतो. साचा ३१० पाडत असेल तर कोट करून ३११-३१२ मिळते आणि मग साइझ करता येते, बारीक साच्यावर हा चांगला इलाज आहे. भाजायचा ओव्हन मात्र स्वयंपाकघरातला नको, कधीच नको.

ओतण्याबद्दल थोडक्यात. शुद्ध शिसं साधारण ५ ब्रिनेल (कडकपणाचं माप), रायफलीला फार मऊ. नव्वद टक्के शिसं, पाच कथील, पाच अँटिमनी असा मिश्रधातू १५ च्या आसपास येतो, .३०-३० ला तो छान बसतो. गाडीच्या चाकाची जुनी वजनं पण चालतात, पण हल्ली त्यात जस्ताची आणि लोखंडाची वजनं मिसळलेली असतात. शिसं ३२७ ला वितळतं, जस्त ४१९ ला, त्यामुळे भांडं फार तापवू नका, जस्त वर तरंगतं ते चमच्याने उचलून टाका, एकदा विरघळलं की सगळी कढई वाया, गोळ्यांना कडाच येत नाहीत. कथील म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचंच कथील, साच्याचे कोपरे भरायला तेच मदत करतं. तो नवसागर टाकायचा, इथे मेणाचा छोटा तुकडा टाकून ढवळायचं, धूर येतो, मग मळी काढायची. पहिल्या दहापंधरा गोळ्या सुरकुतलेल्या येतात कारण साचा थंड असतो, त्या परत भांड्यात. साचा तापला की एक लय लागते, ओतलं, वरच्या डबक्याचा रंग चकचकीत वरून मंद होईपर्यंत थांबलं, लाकडी हातोडीने पट्टी फिरवली, साचा उघडला, टॉवेलवर गोळी पडली. साचा जास्त तापला तर गोळी पिठुळ पांढरी दिसते, थोडी चालते, फार झाली की थांबा.

पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात पडला तर वाफ होऊन सगळं शिसं बाहेर उडतं, हातावर, डोळ्यात. पावसात, ओल्या वजनांनी, घामेजल्या कपाळाने वाकून हे काम नाही करायचं. चष्मा, लांब बाह्या, चामड्याचे हातमोजे, उघडी हवा. मुलं जवळ नकोत, तिथे चहा नको, संपल्यावर हात साबणाने धुवा आणि ते कपडे वेगळे धुवा. शिसं अंगात हळूहळू साठतं, मी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो, तुम्ही पण घ्या.

मागे गॅसचेक बसवा, म्हणजे गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी, रायफलीच्या वेगाला ती बुडाचं रक्षण करते. सेकंदाला १६०० ते २००० फूट या पट्ट्यात शिशाची गोळी .३०-३० मधे हरणाला पुरून उरते, त्याच्या वर धावण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आणि एक जागा जिथे सगळी मेहनत गुपचूप वाया जाते. साध्या डायमधला (पुंगळी मापात आणायच्या साच्यातला) एक्स्पांडर, म्हंजे मान आतून रुंदावणारा भाग, जॅकेटवाल्या ३०८ च्या गोळीसाठी केलेला असतो, पुंगळीची मान तो त्या हिशोबाने घट्ट ठेवतो. त्यात तुम्ही ३११ ची मऊ गोळी दाबली की पितळ जिंकतं आणि गोळीचं बूड ३०९ होतं. तुम्ही वहीत ३११ लिहिता आणि नळीला ३०९ मिळते. मी सहा महिने या चुकीत घालवले. भरलेलं एक डमी काडतूस, पावडर आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) नसलेलं, पुलरने उघडा आणि गोळी परत मोजा, बुडाकडून. कमी झाली असेल तर एम-डाय घ्या, तो मान थोडी मोठी करतो आणि तोंडाला छोटी पायरी देतो, गोळी त्या पायरीवर सरळ उभी राहते आणि बाजू खरवडली जात नाही.

काडतुसाच्या एकूण लांबीचं पण प्रत्येकीचं वेगळं. वरची मर्यादा २.५५० इंच, पण मार्लिनमधे थ्रोट इतका आखूड की तेवढी लांब बसवली तर नाक खाचांच्या सुरवातीला रुतायचं. बघायची पद्धत सोपी आहे, डमीच्या नाकाला काळा मार्कर लावा, चेंबरमधे घाला, लिव्हर बंद करा, काढा, जिथे काळं पुसलंय तिथे गोळी नळीला लागतेय. हलका स्पर्श चांगला. रुतून बसली तर न उडवता काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत राहील आणि पावडर सगळी यंत्रात सांडेल, जंगलात ही भानगड नको. ट्यूब मॅगझिनवाल्या दोघींना चपटं नाकच हवं, कारण त्यात एका काडतुसाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं आणि टोकदार गोळी झटक्याने तो उडवू शकते. त्यांना क्रिंप पण हवा, नाहीतर मॅगझिनची स्प्रिंग गोळी आत ढकलते. सॅव्हेजला यातलं काही बंधन नाही, तिच्यात मी क्रिंप न करता, थोडी बाहेर ठेवून बसवतो. हीच सॅव्हेजची काडतुसं चुकून ट्यूबमधे जाऊ नयेत म्हणून तिचा डबाच वेगळ्या रंगाचा आहे.

पुंगळ्या पण वेगळ्या ठेवा. .३०-३० रिमवर टेकते, लिव्हरच्या यंत्रात पुंगळी जास्त ताणली जाते, त्यामुळे एकीची उडवलेली नुसती मान साइझ करून दुसरीत घातली तर लिव्हर बंद होत नाही. सरमिसळ करायचीच असेल तर प्रत्येक वेळी फुल लेंग्थ साइझ करा, म्हंजे नुसती मान नाही, अख्खी पुंगळी मापात आणा, २.०३९ इंचाच्या वर वाढलेल्या कापा, आणि आतून बुडाजवळ वाकवलेली तार फिरवून बघा, खाच लागली तर पुंगळी फेका.

पावडरचे आकडे मी मुद्दाम देत नाही. वर जे सगळं लिहिलं त्याचाच अर्थ असा की तोच भार माझ्या सॅव्हेजमधे वेगळं प्रेशर देतो आणि तुमच्या मार्लिनमधे वेगळं. पावडर कंपनीच्या छापील तक्त्यात शिशाच्या गोळीसाठी, त्याच वजनासाठी दिलेला सुरवातीचा भार घ्या आणि प्रत्येक रायफलीसाठी तिथूनच नव्याने सुरू करा, मधल्या आकड्यावरून नाही. थोड्याशा भाराची पावडर असेल तर पुंगळीत दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, कळतच नाही, म्हणून गोळी बसवायच्या आधी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या ट्रेमधे टॉर्च मारून बघतो. बायको हाक मारते तेव्हा पण मी चालू पुंगळी पूर्ण केल्याशिवाय उठत नाही, तिला ते आता माहीत झालंय.

रेंजवर जायच्या आधी नळीतलं तांबं काढा. आधी जॅकेटवाल्या गोळ्या चालवल्या असतील तर आत तांब्याचा थर असतो, शिसं त्यालाच धरतं आणि आपण गोळीला दोष देतो. पन्नास यार्डावर पाच गोळ्यांचे गट, मधे नळी कोमट होऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, साइझ बदललात तर लांबी तीच. दहा गोळ्यांनंतर नळी उजेडाला धरा. चेंबरजवळ शिसं दिसलं तर गोळी बारीक आहे, तोंडाजवळ दिसलं तर गोळीला लावलेलं मेण-ग्रीस वाटेत संपतंय, दोन्हींचे इलाज वेगळे. शिसं बहुतेक वेळा कापडावर गुंडाळलेल्या तांब्याच्या जाळीने निघतं, केमिकल लागत नाही.

सध्या कपाटात तीन डबे आहेत, लाल मार्लिनचा, हिरवा विंचेस्टरचा, पिवळा सॅव्हेजचा, प्रत्येकाच्या झाकणाच्या आत साइझ, लांबी, धातू, पावडर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. चौथा पांढरा डबा ३१० वाला, तिन्हींत चालणारा, सुरवातीच्या भाराचा, चपट्या नाकाचा, क्रिंप केलेला, फुल लेंग्थ साइझ केलेल्या पुंगळ्यांचा, लांबी मार्लिनच्या थ्रोटप्रमाणे. मुलगा माझ्याबरोबर येतो तेव्हा फक्त तोच डबा गाडीत ठेवतो.